पाठीला पाठ चिकटवलेली कार्डं

वाहनपरवान्यांचं काम पोलिसांकडून काढून नोंदणी कार्यालयाकडे दिलं गेलं, तेव्हा कामाबरोबर कार्डबाईही नव्या इमारतीत आल्या. तेवीस वर्षं त्यांनी पोलीस कचेरीच्या तळमजल्यावर चालकांची कार्डं सांभाळली होती. चौऱ्याऐंशी पत्र्याचे खण, प्रत्येक खणात हजारभर कार्डं. नाव सांगा, बाई मिनिटाच्या आत कार्ड काढून हातात देत.

नव्या कार्यालयात सगळं संगणकात होतं. कार्डांचे फोटो काढून झाले होते आणि कार्डं मागच्या गोदामात खोक्यांत पडली होती. शुक्रवारी कागदाच्या लगद्याच्या कारखान्याचा ट्रक येऊन ती घेऊन जाणार होता. बाईंना ‘चौकशी’ अशी पाटी असलेल्या टेबलाशी बसवलं होतं. पाटी वाचून लोक त्यांना पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारत.

चौकशी करायची खरी हौस बाईंनाच. घरात त्यांची धाकटी नणंद राहायची, ती म्हणायची, “दाराशी चपला दिसल्या की लोक विचारतात, कोण आलंय. आमची वहिनी बघते, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय.” त्यामुळे रिकाम्या टेबलाशी बसून बाईंचे डोळे दिवसभर खिडक्यांवर असत. बुधवारी दुसऱ्या खिडकीवर आवाज चढला आणि बाईंनी खुर्ची तिकडे वळवली.

“एक्क्याऐंशी?” खिडकीपुढचा माणूस विचारत होता. “मी एक्क्याऐंशी वर्षांचा दिसतो तुम्हाला?”

तो असेल अडतीस-चाळिसाचा. अंगात रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा गणवेश.

“दिसण्याचा प्रश्न नाही हो,” आतली मुलगी म्हणाली. “तुमचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं घालून बघितलं. एकच नोंद येते. वय एक्क्याऐंशी, लायसन अकरा वर्षांपूर्वी संपलेलं.”

“मग पेन्शनची खिडकी कुठली, तेवढं सांगा.”

रांग हसली. ड्रायव्हर हसला नाही. त्याच्या लायसनची मुदत रविवारी संपत होती. सोमवारी नवं दाखवलं नाही, तर दवाखाना गाडीची किल्ली देणार नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरा माणूस बघूनही ठेवला होता.

“अहो, हे हातातलं लायसन बघा ना. नंबर आहे त्यावर.”

“हा नंबर आमच्याकडे नाहीच. बनावट निघालं तर मला पोलिसांना कळवावं लागेल.”

“पोलिसांनीच दिलंय ते, ताई!”

बाई उठून खिडकीच्या आत गेल्या. लायसनवरचा नंबर त्यांनी एकदा वाचला. हे कार्ड त्यांना आठवत होतं. एकसष्टावा खण.

“कार्डाचा फोटो उघड,” त्या मुलीला म्हणाल्या. “आता मागची बाजू.”

पुढच्या बाजूला जाड मिश्यांचा एक म्हातारा होता, धंद्याच्या रकान्यात ‘बेकरी’. मागच्या बाजूला, डोकं खाली पाय वर, हा ड्रायव्हर.

“हे काय?” मुलगी म्हणाली. “आम्हाला सांगितलं होतं, मागची बाजू म्हणजे जोडपत्र. ती भरायची नाही.”

ते जोडपत्र नव्हतं, दुसरं कार्डच होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकाचा अपघात त्याच नावाच्या दुसऱ्याच्या कार्डावर चढला होता आणि तो बिचारा सहा महिने पायी फिरला होता. तेव्हापासून एकाच नावाची दोन कार्डं बाई टाचणीनं जोडून ठेवू लागल्या. एक काढलं की दुसरं हातात येणार, मग जन्मतारीख बघितल्याशिवाय कुणाला पुढे जाताच येणार नाही. टाचण्या गंजल्या. मग बाईंनी घरून पिठाची खळ शिजवून आणली आणि कार्डं पाठीला पाठ लावून चिकटवली. पाठ कोरीच असायची, सगळ्या नोंदी पुढे. त्यानंतर एकही घोटाळा झाला नाही. कुणी विचारलं नाही, बाईंनी सांगितलं नाही. दप्तराला काहीही चिकटवू नये, असा नियम होता आणि तो त्यांना पाठ होता.

आता यंत्रानं दोन माणसांचा एक माणूस केला होता. शिवाय कार्डं सोपवताना ‘सर्व कार्डे सुटी व नियमाप्रमाणे’ असं लिहिलेल्या कागदावर सही बाईंचीच होती.

“उद्या या,” त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. “दहा वाजता.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं.

“निवृत्तीला तीन वर्षं राहिली,” नणंद म्हणाली. “सेवापुस्तकात एक शेरा नाही. आणि आता हात दाखवून अवलक्षण? झाकली मूठ ठेव की. शुक्रवारी ट्रक गेला, विषय संपला.”

“तो ड्रायव्हर म्हाताराच राहील.”

“त्याच्यापुरतं काहीतरी कर.”

“आणि बाकीचे? अगं, एक जोडी थोडीच आहे. किती जणांना मी एकात घातलंय, ते मलाच माहीत नाही. ट्रक गेला की कधी कळणारही नाही.”

नणंदेनं बाईंच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “वहिनी, तुला भीती कमी आणि उत्सुकता जास्त वाटतेय.”

“दोन्ही,” बाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी एकपानी जबाब लिहून अधिकारीणबाईंसमोर ठेवला. त्या वयानं बाईंच्या मुलीएवढ्या. त्यांनी तो दोनदा वाचला.

“खळीनं चिकटवली?”

“हो, मॅडम. सुटतात. ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवली की सुटतात. एका जोडीतला एक जण वारला होता, तेव्हा करून बघितलंय.”

“हे सगळं तुमच्या डोक्यात. कागदावर कुठेच नाही.”

“नाही.”

अधिकारीणबाईंनी आधी फोन करून ट्रक थांबवला. मग नियमांचं पुस्तक काढलं. एका नोंदीच्या दोन करायच्या असतील, तर दोन्ही परवानाधारकांनी एकाच वेळी समक्ष हजर राहून सह्या करायच्या, असं तिथे छापलेलं होतं.

“म्हणजे मी मलाच शोधून आणायचं?” दहाला आलेला ड्रायव्हर म्हणाला. बाईंनी त्याच्या हातात कार्डावरचा बेकरीचा पत्ता ठेवला.

शुक्रवारी सव्वादहाला तो एका काठीवाल्या आजोबांना हाताला धरून घेऊन आला. बेकरी आता मुलगा चालवत होता, पण आजोबा दिवसभर गल्ल्यावर असत, त्यामुळे सापडायला वेळ लागला नव्हता.

“हा मी?” आजोबांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवून बाईंना विचारलं. “बरा आहे. जरा रोडावलोय.”

बाईंनी दोघांची जन्मतारीख विचारली, सही घेतली. आदल्या दिवशी गोदामातून शोधून आणलेलं कार्ड टेबलावर ओल्या फडक्यात होतं. त्यांनी कोपऱ्यात नख घातलं आणि हळूहळू, दुधावरची साय काढावी तशी, एक कार्ड दुसऱ्यापासून सोडवलं. अधिकारीणबाई उठून जवळ येऊन बघत होत्या. खिडकीतली मुलगीही आली.

कार्ड पंख्याखाली वाळलं, यंत्रातून गेलं, नंबर संगणकात उमटला. अकरा वाजून वीस मिनिटांनी यंत्रातून नवं लायसन बाहेर आलं. ड्रायव्हरनं त्यावरचं वय मोठ्यानं वाचलं, “एकोणचाळीस!” आणि आजोबांच्या पाया पडला.

“अरे, माझ्या काय पडतोस? त्या बाईंच्या पड.”

“त्यांनीच तर म्हातारा केला होता मला,” ड्रायव्हर म्हणाला, पण वळून बाईंना हात जोडले आणि निघाला. बाराची ड्यूटी होती, त्याआधी आजोबांना बेकरीत पोचवायचं होतं.

ते गेल्यावर अधिकारीणबाईंनी बाईंचं सेवापुस्तक उघडलं. “शेरा लिहावा लागेल. सही तुमची आहे.”

“लिहा, मॅडम.”

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. “अशा जोड्या किती?”

“दीडशेच्या वर असतील. जास्तही.”

“प्रत्येक वेळी दोघांना बोलवावं लागणार. शोधायचे कोणी?”

“मीच शोधते,” बाई म्हणाल्या, इतक्या झटकन की अधिकारीणबाईंनी मान वर करून बघितलं.

दुपारी चौकशीची पाटी भिंतीला टेकवून ठेवली गेली आणि टेबल गोदामात गेलं. बाईंनी पहिलं खोकं उघडलं आणि कडेवरून अंगठा फिरवत निघाल्या. जोडी डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला जाड लागते. बाविसाव्या कार्डाशी अंगठा थांबला. एका बाजूला शिंपी. त्यांनी कार्ड उलटलं. दुसऱ्या बाजूला पोहायला शिकवणारा, पत्ता शिंप्याच्याच गल्लीतला, चार घरं सोडून.

बाईंनी चष्मा पुसला आणि फोन जवळ ओढला.