केळापूरची वाट अन् तिसऱ्या प्लगातलं पाणी

टाळायसाठी म्हणून नाई सांगत नाव. त्या गॅरेजचं नाव विचारणं बंद करा आता. नवमीले बंद गाडीचा फोटो टाकून 'मिस्त्रीनं वाट लावली' असं मीच लिहिलं, मान्य. तेव्हापासून तुम्ही विचारून राह्यले, कोणतं गॅरेज, आम्ही टाळतो. टाळायचंच असन तर मले टाळा. कसं झालं ते ऐका.

आमची गाडी सोळा वर्षांची, पेट्रोलवाली. बाबांशिवाय तिले हात लावतात ते फक्त यवतमाळले लागून असलेल्या लोहाऱ्याचे मिस्त्री, सलीमचाचा. आदल्या आठवड्यातच त्यांनी सर्व्हिसिंग करून दिलती. दसऱ्याले गाडीची पूजा असते, अन् मले वाटलं, यंदा इंजनही चमकलं पाहिजे. नवमीच्या सकाळी बाबा बाजारात गेलते. वावरातला कपाशीच्या फवारणीचा पंप घेतला, बोनेट उघडलं अन् मारलं पाणी. मग एकटाच केळापूरच्या देवीले निघालो.

यवतमाळहून पांढरकवडा सत्तरेक किलोमीटर, केळापूर त्याले लागूनच. दीड तास धरा. नवरात्रात पायी जाणारे लोक असतात, म्हणून जरा जास्तच. तर्रीपोहे शहरातच खाऊन घ्या. मी खाल्ले, अन् गाव सुटत नाही तर गाडी थरथरायले लागली. उभी केली की स्टिअरिंग हातात कापे, चढावर ॲक्सिलेटर दाबा की नका दाबू, सारखंच. एका चढावर सोयाबीनच्या पोत्यांचं ट्रॅक्टर मले मागं टाकून गेलं. वर बसलेल्या बाया खुशाल हसल्या.

तिथंच गाडी बंद करून फोटो टाकला. बाबाले फोन लावला, चाचानं काहीतरी बिघडवलं म्हणून. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सांगतो त्यांना, आता गाडी दुसरीकडे टाकू. मले बरं वाटलं. लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

रखडत पांढरकवड्यात पोचलो. रस्त्यालगत एक म्हातारे मिस्त्री बसलेले. त्यांनी कुठलंच यंत्र लावलं नाही. गाडी चालू ठेवली अन् प्लगच्या वायरी कापडानं धरून एकेक उपसली. पहिली काढली, इंजन आणखी लंगडलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली तर आवाजात काहीच फरक नाही.

"हा तिसरा काम नाही करून राह्यला. तीन सिलेंडरवर आला तू इथवर," ते म्हणाले. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. "इंजन कोणी धुतलं?"

मी म्हणालो, लोहाऱ्याच्या मिस्त्रीनं.

त्यांनी वाकून वास घेतला. "मिस्त्री फवारणीच्या पंपानं धुते काय रे भाऊ? पऱ्हाटीवरच्या औषधाचा वास येऊन राह्यला."

 शेजारच्या पंक्चरवाल्याकडून हवेची नळी आणून त्यांनी खड्डा कोरडा केला, प्लग बदलला. सगळे मिळून अडीचशे घेतले.

केळापूरले गाडी लांबच लावा, गर्दी असते. दर्शन झालं, पण देवीपुढं मागायचं काही सुचेना. परत येताना गाडी लोण्यासारखी चालली. बिघडली असती तर बरं झालं असतं. घरी बाबांनी विचारलं, काय निघालं? मी म्हणालो, प्लग होता. एवढंच.

दसऱ्याले सोनं घेऊन बाबा दरवर्षी आधी सलीमचाचाकडे जातात, मग गल्लीत. यंदा गल्ली झाली, बाबा चपला काढून बसले. आपट्याची पानं ताटात उरली होती. आईनं काहून म्हणून विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला. एवढ्या प्रवासातलं माह्यापाशी तेच राह्यलं, ते ताट. रस्ता, देवी, काहीच नाही.

मी पानं खिशात घातली. म्हणालो, "बाबा, गाडीत बसा."

लोहाऱ्यात गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. चाचा बाहेर खुर्चीवर. गाडी थांबली, पण इंजन चालूच होतं. उठायच्या आधी त्यांनी कान देऊन ऐकलं.

"चारही सिलेंडर बरोबर बोलून राह्यले," ते बाबाले म्हणाले. "मंग फोनवर एवढं काहून बोलले भाऊ?"

बाबांनी माह्याकडे पाह्यलं.

मी गाडी बंद केली, उतरलो. "पाणी मी मारलं. फवारणीच्या पंपानं. चाचांनी काही नाही बिघडवलं. कालपासून मले माहीत होतं."

चावी अन् सोनं बोनेटवर ठेवलं, अन् दोघांपैकी कोणी तोंड उघडायच्या आत यवतमाळच्या रस्त्याले पायीच लागलो.