नगरदेवाची बदली

कुआंगशी तालुक्याचं नशीबच फाटकं. हान राजांनी तो वसवला, सुई राजांनी मोडून शेजारच्या लोपूत घातला, तांगांनी पुन्हा उभा केला. मग सुंगांच्या बादशहाच्या नावात ‘कुआंग’ हे अक्षर निघालं, आणि बादशहाचं नाव प्रजेने तोंडी आणायचं नसतं, तर आपल्याच गावाचं नाव उच्चारायची चोरी झाली. मंगोलांनी परत लोपूत ढकलला, मिंगांनी परत बाहेर काढला. नांदवत नाही आणि सोडतही नाही, अशी तऱ्हा. आता मांचूंचं राज्य होतं, आणि त्यांनाही नेमकं तेच सुचलं. राजधानीत बसून नकाशावर बोट फिरवायला काय जातं? तालुका मोडला. मामलेदार गेला, कचेरीला कुलूप लागलं, आणि कुआंगशीची माणसं एका सकाळी लोपूची झाली.

थान काकूंचं मांताओंचं, म्हणजे वाफवलेल्या पावांचं, दुकान कचेरीसमोरच होतं. नवरा थान देछंग कचेरीच्या पालखीचा भोई. मामलेदार आले नि गेले, खांदा देछंगचाच राहिला. काकू म्हणायच्या, “आमच्या ह्यांनी किती साहेब वाहिले! एकाचंही वजन लक्षात राहण्यासारखं नव्हतं.”

कचेरी गेली ते काकूंनी गिळलं. पण लोपूचा निए कारकून नगरदेवाच्या देवळात शिरला, तेव्हा मात्र त्यांचं माथं भडकलं. नगरदेव म्हणजे मेलेल्यांचा मामलेदार. माणूस गेला की घरच्यांनी देवळात जाऊन त्याचं नाव-गाव सांगायचं, तेव्हा कुठे पलीकडे त्याची नोंद होते. नाहीतर जीव वाऱ्यावर. निए म्हणाला, तालुकाच उरला नाही तर तालुक्याचा देव कशाला? आणि मेल्याने खुद्द देवाच्या नावे बदलीचा हुकूम वाचून दाखवला.

“देवाची बदली करतोस?” काकू दारातून ओरडल्या. “रावसाहेब, भत्ताही देणार असाल ना प्रवासाचा?”

लोक हसले. निए हसला नाही. त्याने भोयांना बोलावलं, आणि देवाची पालखी देछंगच्या खांद्यावर आली. नाही म्हणणाऱ्याला फटके होते.

लोपूहून देछंग परतला तो अंथरुणालाच खिळला. “त्यांच्या देवाच्या पायाशी स्टूल टाकलंय,” तो एवढंच सांगे. “तिथे आपला देव बसवलाय. मीच नेऊन बसवला गं.” अंगात ताप, पोटात अन्न नाही. थोड्याच दिवसांत तो गेला. भोयाला मारायला ओझं लागत नाही, अपमान पुरतो.

आता सांगायला जायचं कुठे? गावातल्या देवळाला लोपूची मोहर लावलेली. काकू मुलाला, फूशंगला, घेऊन लोपूला गेल्या. तिथल्या देवळात उदबत्त्यांचा धूर, मोठा नगरदेव रंगवून चकचकीत, आणि त्याच्या पायाशी स्टुलावर कुआंगशीचा देव, खांद्यावर धूळ.

“कुआंगशीचा थान देछंग आला आहे,” काकू म्हणाल्या. रीत अशी, की यावर पुजाऱ्याने घंटा वाजवून ‘घेतला’ म्हणायचं.

पुजाऱ्याने घंटेला हात लावला नाही. “बाई, कुआंगशी असं काही नाही आता. लोपूचा थान देछंग म्हणा.”

“तो लोपूचा नाही.”

“मग मी घेऊ कसा?”

फूशंग रडकुंडीला आला. “आई, म्हण ना. एक शब्द आहे नुसता. बाबांचा जीव अडकलाय.”

“एक शब्द आहे ना? मग यांनाच म्हणू दे की! हजारो वर्षं आम्हीच का बदलायचं?” मग काकू स्टुलावरच्या देवाकडे वळल्या. “आणि तुम्ही! जन्मभर तुमच्यापुढे नाक घासलं. ज्याने तुम्हाला खांद्यावरून आणलं त्याचं नाव कानावर पडतंय, आणि तुमच्याने साधा हुंकार देववत नाही? बसा तिथेच. शोभतं तुम्हाला ते स्टूल.”

पुजाऱ्याने कानावर हात ठेवले. काकू तशाच माघारी फिरल्या.

कुआंगशीत पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. चौकात चहाची दुकानं भरलेली, देवळाच्या दाराशी निएचा शिपाई. काकू बंद दारासमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “कुआंगशीचा थान देछंग आला आहे!”

शिपायाच्या भीतीने कुणी पेल्यातून मान वर काढेना. उभ्या गावाला त्याने खांदा दिला होता, आणि गावाला एक शब्द देववेना. काकूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि स्वतःच म्हणाल्या, “घेतला. कुणी नाही ना? मग मी घेतला.” आणि घरी जाऊन त्या मोठ्याने रडल्या.

त्यानंतर कुआंगशीत कुणी गेलं, की घरचे लोक लोपूची वाट धरत नसत. ते मागच्या दाराने थान काकूंकडे येत. काकू पिठाचे हात पुसून ओट्यावर बसत, नाव-गाव नीट ऐकून घेत. कुणी गावाचं नाव दबक्या आवाजात घेतलं, की मात्र त्या फटकारत, “मोठ्याने बोल रे! मेलाय तो, चोरी नाही केली त्याने.”