अंबादास सरांचा सापळा

आमच्या ह्यांचं दूध आणणं म्हणजे एक प्रयोगच असतो. कोल्हापुरात दूधकट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार समोर काढतात, लोक ग्लास तोंडाला लावून उभ्याउभ्याच दूध पितात. हे मात्र धार सुरू व्हायच्या आधी गवळ्याची रिकामी चरवी उलटी करून बघतात, तळाशी पाणी नाही ना म्हणून. घरी आल्यावर त्याच दुधात आयोडीनचे थेंब टाकून पीठ मिसळलंय का तेही बघतात. आमच्या अख्ख्या संसारात ते दूध कधी निळं झालेलं नाही. एकदा मी म्हटलं, आता तरी विश्वास ठेवा. तर म्हणाले, "आजवर झालं नाही म्हणजे उद्या होणार नाही, असं कुठं आहे?"

हे म्हणजे अंबादास सर. दहावीला विज्ञान शिकवतात, पण सगळा जीव रसायनशास्त्रात. मी मराठीची बी.ए., त्यामुळं रसायनाशी माझा संबंध फोडणीपुरता. यांना मात्र जगातली प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची असते. रिक्षावाल्यानं सांगितलेला रस्ता, डॉक्टरांनी दिलेली गोळी, पाहुण्यानं केलेलं कौतुक, काहीही जसंच्या तसं पोटात जात नाही.

वर्गातही तेच. मधेच मुद्दाम चुकीचं सांगायचं आणि कोण हात वर करून चूक दाखवतंय ते बघायचं, ही यांची जुनी खोड. कुणी हात वर केला नाही की झापायचं: "उद्या मी विष अमृत म्हणून सांगितलं तरी लिहून घ्याल. माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका." मुलं काय, हुशार असतात. त्यांनी हे फार मनावर घेतलं. आता सर काहीही सांगोत, मुलं ऐकल्यासारखं करतात आणि घरी जाऊन खरं काय ते बघून घेतात. हात वर करायच्या भानगडीत कुणी पडत नाही. यांना वाटतं, आपण मुलांना शास्त्रीय दृष्टी दिली.

आमच्या भागातल्या काही शाळा मिळून दहावीची एकच सराव परीक्षा घेतात आणि विज्ञानाचा पेपर यांच्याकडं असतो. गेल्या वर्षी परीक्षेच्या आदल्या दिवशी एका खाजगी क्लासच्या मुलांच्या मोबाइलवर 'संभाव्य प्रश्न' आले आणि त्यातले बरेचसे पेपरात निघाले. पेपर फुटला म्हणून बोभाटा झाला. मला विचाराल तर त्यात फोडायला काही नव्हतं. यांचे प्रश्न ठरलेले. खिळा कॉपर सल्फेटच्या द्रावणात बुडवला तर काय होईल, हे यांनी विचारलं नाही असं एक वर्ष गेलेलं नाही. ज्या क्लासवाल्याला एवढंही ओळखता येत नाही, त्यानं क्लास बंद करावा. पण मुख्याध्यापक राजवर्धन सर सगळ्यांसमोर म्हणाले, "यंदा परत असं झालं तर पेपर दुसऱ्या कुणाकडं तरी देऊया." ते यांच्या फार जिव्हारी लागलं. ताटात काय वाढलंय हेही कळेना इतकं.

यंदाच्या परीक्षेआधी यांनी नमुना उत्तरं छापली आणि नेहमीप्रमाणं तिघांना वाचायला दिली. एक प्रत पेपर टाइप करणाऱ्या मोनाला, एक राजवर्धन सरांना, एक मला. माझं काम शुद्धलेखनाचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं. मी मन लावून ऱ्हस्व-दीर्घ बघितले. माझ्या प्रतीत एक प्रश्न होता: आवर्तसारणीतल्या आडव्या ओळीत डावीकडून उजवीकडं जाताना अणूचं आकारमान कमी होतं की वाढतं, सकारण लिहा. उत्तर होतं: 'वाढतं, कारण कवचात इलेक्ट्रॉनांची गर्दी होते.' मला ते पटलं. माणसं वाढली की घर वाढवावं लागतंच. मी 'इलेक्ट्रॉन'चा र नीट केला आणि कागद परत दिला.

त्याच सुमारास क्रांती आमच्याकडं यायची. आमच्या गल्लीत भाकरी करून विकणाऱ्या शालूबाई, त्यांची ही भाची. मूळची आजऱ्याची. दहावीला चांगली शाळा मिळावी म्हणून जूनपासून आत्याकडं राहिलेली आणि यांच्याच वर्गात बसणारी. बापानं पाठवलं होतं, पण ठणकावून सांगून. एक जरी तक्रार कानावर आली तरी दप्तर घेऊन परत यायचं, मग शिक्षण बास. शालूबाईंनी हे मला भाकरी थापता थापता सांगितलं होतं, त्यामुळं मी या पोरीला जरा जपायचे. संध्याकाळी ती मला निबंध दाखवायला यायची. गुणाची पोर, पण कुणीही सांगेल ते खरं मानणारी; सरांचं 'माझ्यावर विश्वास ठेवू नका' तेवढं तिला थट्टा वाटायची. एकदा मी गमतीनं म्हटलं, निबंधात 'पण' फार आले की तपासणारे चिडतात. पुढच्या निबंधात सगळीकडं शोधलं तरी एक 'पण' सापडला नाही.

परीक्षा झाली. मोबाइलवर काही आलं नाही, कुणी बोभाटा केला नाही. मला वाटलं, सुटलो. मग एका दुपारी हे उत्तरपत्रिका तपासता तपासता उठले आणि एक पेपर हातात घेऊन स्वयंपाकघरात आले. मी शेंगदाणे भाजत होते. हे पाटावर बसले. पाटावर बसले की काहीतरी गंभीर असतं.

"विमला, तुझी प्रत कुणाला दाखवली होतीस?"

"कसली प्रत?"

"नमुना उत्तरांची."

मी गॅस बंद केला. मग यांनी शांतपणे, वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. तिघांच्या प्रती सारख्या नव्हत्या. प्रत्येकाच्या प्रतीत एक वेगळं खोटं उत्तर यांनी स्वतः रचून घातलं होतं. ज्याचं खोटं उत्तर मुलांच्या पेपरात उमटेल, त्याच्याकडून पेपर फुटला हे सिद्ध. मोनाचं उत्तर कुठं उमटलं नव्हतं. राजवर्धन सरांचंही नाही. आणि हातातल्या या पेपरात स्वच्छ लिहिलं होतं, 'वाढतं, कारण कवचात इलेक्ट्रॉनांची गर्दी होते.'

"हे कुठल्या गाइडात नाही," हे म्हणाले. "गर्दी हा शब्द माझा."

"म्हणजे माझ्यासाठीसुद्धा खोटं उत्तर बनवलं होतं तुम्ही?"

"सगळ्यांसाठी बनवलं होतं. तुला वगळलं असतं तर तपास अपुरा राहिला असता."

मला इतका राग आला की हातातली कालथी मी मुद्दाम खाली ठेवली. एवढी वर्षं या माणसाच्या दुधात, चहात, तापात, बदलीत मी आहे, आणि माझ्या कागदात यांनी चूक पेरली. मी तसं तोंडावर म्हटलं. तर म्हणतात, "माझा तुझ्यावर संशय नाही. तुझ्या प्रतीवर आहे."

पेपर क्रांतीचा होता. ती रोज संध्याकाळी घरात येते, प्रत टेबलावर होती, एवढ्यावर यांचा निकाल लागला होता. उद्या राजवर्धन सरांना सांगायचं, शालूबाईंना शाळेत बोलवायचं.

"तिचा बाप तिला आजऱ्याला घेऊन जाईल. पोरीचं शिक्षण संपेल," मी म्हटलं.

"ते तिनं आधी बघायला पाहिजे होतं."

मी कितीही तावातावानं भांडले तरी माझ्या मनात पाल चुकचुकलीच. एका संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली म्हणून मी आत गेले होते आणि क्रांती टेबलापाशी एकटीच बसली होती. परत आले तेव्हा तिनं पटकन मान वर केली होती का? खरं सांगायचं तर मला काही आठवत नव्हतं, पण आता मला ती पटकन मान वर करतानाच दिसायला लागली. यांचा रोग मला लागला म्हणून माझी मलाच चीड आली. मी एवढंच म्हटलं, "कुणाकडंही जायच्या आधी तिला इथं, माझ्यासमोर विचारायचं. नाहीतर मीच राजवर्धन सरांना सांगेन की प्रत मी दाखवली. बघा मग काय करायचं ते."

यावर हे कबूल झाले. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, मी खरंच तसं करेन अशी शंका आली म्हणून.

संध्याकाळी क्रांती आली. "काकू, निबंध घेऊन आलो," म्हणत चप्पल काढली आणि सरांना बघून ओढणी सावरून उभी राहिली. यांनी तिला समोर बसवलं आणि उलटतपासणीला लागले. परीक्षेत पुढं कोण होतं, मागं कोण होतं, आदल्या दिवशी कुणाकडं गेली होतीस, फोन कुणाचा वापरतेस. पोरगी सगळ्याला बिचकत पण सरळ उत्तरं देत होती. फोन आत्याचा, आणि तोही भाकरीच्या ऑर्डरीतच गुंतलेला. माझे मात्र कान तिच्या प्रत्येक शब्दाला लागले होते. कुठं अडखळते, कुठं डोळे चुकवते.

शेवटी यांनी पेपर तिच्यापुढं ठेवला आणि त्या उत्तरावर बोट टेकवलं. "हे तुला कुणी सांगितलं?"

क्रांतीनं वाचलं आणि यांच्याकडं बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"सर, तुम्हीच की."

"मी?"

"व्हय. उजळणीच्या तासाला. तुम्ही म्हणालासा, वाढतं, गर्दी होते म्हणून. आनि सगळ्यांकडं बघत उभारलासा. कोन काय बोललं न्हाय. मग घंटा झाली."

मी यांचा चेहरा बघत होते, त्यामुळं यांना कधी आठवलं तो क्षण मला नेमका दिसला. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसावा तसा हे शर्टाच्या टोकाला पुसायला लागले. माझ्यासाठी रचलेलं खोटं डोक्यात ताजं होतं, तेच वर्गात यांची नेहमीची फिरकी म्हणून तोंडातून गेलं होतं. कुणी हात वर करतंय का ते बघत राहिले, तास संपला, आणि इतक्या खोट्यांच्या हिशेबात हे एक दुरुस्त करायचं राहून गेलं.

"बाकी कुणी असं लिहिलेलं नाही," हे म्हणाले. आवाज पार उतरला होता.

"बाकीची पोरं पुस्तकात बघितली. माझ्या बाकावरची अनुजा मलाबी म्हनाली, पुस्तकात कमी हुतंय असं हाय." क्रांतीनं माझ्याकडं बघत हसायचा प्रयत्न केला. "मी तिला म्हनालो, सर सांगितल्यात म्हंजे पुस्तकातच चूक असंल."

भरल्या वर्गात एकच पोरगी होती जिनं यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि यांच्या सापळ्यात नेमकी तीच अडकली. राजवर्धन सरांकडं जायचा विषय तिथंच संपला, ते मला यांना विचारावंही लागलं नाही.

"माझं चुकलं, क्रांती," हे म्हणाले. ते शब्द मी या तोंडून क्वचितच ऐकले आहेत. "ते मी मुद्दाम खोटं सांगितलं होतं. कोण पकडतंय ते बघायला."

"खोटं?"

"हो. वर्गात मी असं करतो. या उत्तराचे गुण मी तुला देईन."

गुणांचं तिनं काही ऐकलं असं वाटलं नाही. "मग खरं काय हाय?"

यांनी वही ओढली, केंद्रक काढलं, भोवती गोल काढले. शिकवताना मी यांना पुष्कळदा ऐकलंय, पण इतकं हळू, इतकं जपून कधी नाही. ओळीत पुढं गेलं की केंद्रकावरचा धन प्रभार वाढतो, नवा इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतो, केंद्रक सगळ्यांना आत ओढून घेतं, म्हणून अणू लहान होत जातो. दोनदा समजावलं. मग पेन्सिल ठेवून म्हणाले, "कळलं? हे खरं आहे."

क्रांती त्या चित्राकडं बघत राहिली. तिनं काही लिहून घेतलं नाही. सरांकडंही बघितलं नाही. माझ्याकडं वळली आणि हळूच म्हणाली, "काकू, सर आत्ता सांगितल्यात ते खरं हाय न्हवं?"

रसायनातलं मला ओ की ठो कळत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी तिनं मलाच विचारलं.