ज्याची भुई, त्याचं नाव आधी

काशीराम परबाचं घर त्याचं होतं, घराखालची भुई नव्हती. मुलुंडला, डोंगराच्या अंगाला, त्याच्या बापाने भाडेपट्ट्याच्या जागेवर विटांच्या खोल्या उभ्या केल्या होत्या. भिंती परबांच्या, माती जानकीबाई भोईरांची. जानकीबाई आगरी, विधवा, जिभेची तिखट. कुंपणापलीकडेच राहायची.

मालवणी माणूस कुठेही गेला तरी जागेवाल्याला विसरत नाही. जागेची राखण करणारा तो देव. दरसाल जांभळीच्या बुंध्याशी त्याला नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. बापाची शिकवण होती, ज्याची भुई त्याचं नाव आधी. म्हणून काशीराम खड्या आवाजात सांगायचा, "बा जागेवाल्या म्हाराजा, ही भुई भोयरांची. तेंका सुखात ठेव, मगे आमकां." मागून त्याची बायको सुगंधा "व्हय म्हाराजा" करायची, आणि फोडलेल्या नारळाचं एक भकल कुंपणावरून जानकीबाईकडे जायचं.

पंच्याऐंशी साली पट्टा संपत आला आणि चंद्रप्रकाश नावाचा बिल्डर त्या बाजूला घिरट्या घालू लागला. काशीरामची गिरणीतली नोकरी आधीच गेली होती. आता जमीन गेली तर भिंती खांद्यावर घेऊन जायचं कुठं? धीर करून तो जानकीबाईच्या ओट्यावर गेला.

"काकी, जमीन माका विकशात?"

बाई मिशेरी घासत होती. थुंकून म्हणाली, "तुजा बाप भला होता. देईन तुला."

शब्द मिळाला आणि गडी हवेत! त्या वर्षीच्या नारळाला त्याने आळी बोलावली. छाती फुगवून सुरू केलं, "बा जागेवाल्या म्हाराजा, ही भुई परबांची..."

सुगंधाने "व्हय" म्हणायचं सोडून मागून त्याचा सदरा ओढला. कुंपणापाशी जानकीबाई भकलासाठी हात पुढे करून उभी होती. हात खाली गेला.

"काय रं काशीराम, मना जिती गाडलीस? कागदाव अंगठा नाय लावला अजून, नि देवाच्या कानातून माजं नाव पुसलंस? जा. नाय विकायची मना जमीन."

घरात शिरताच सुगंधा कडाडली, "कागद झालो नाय, आणि धनी झालात? तोंडाक कुलूप म्हणून नाय! आता बसा भिंती डोक्यार घेवन!"

काशीरामने पेढे नेले, परत आले. बिल्डरची गाडी मात्र जानकीबाईच्या दारात दिसू लागली.

एका सकाळी तो दुसरा नारळ घेऊन निघाला. सुगंधा रुसलेली, आली नाही. जानकीबाईचं दार बंद होतं. त्याने तिच्या अंगणातच नारळ ठेवला, हात जोडले.

"बा जागेवाल्या म्हाराजा, माजी जीब उतावळी. भुई भोयरांचीच. जमीन माका मेळो नायतर नको मेळो, जानकीकाकीक बरा आयुष्य दी."

व्हय म्हणायला मागे कुणी नव्हतं. तो तसाच थांबला. गाऱ्हाणं असं अर्धं टाकून उठता येत नाही.

दाराआडून खाकरल्याचा आवाज आला. मग, "व्हय म्हाराजा."

दार उघडलं. "वर्सानुवर्सं कुंपणावरून आयकते, तवा व्हय म्हनाया येनारच. भकल दे आधी. मग कागद कर."

खरेदीखत झालं. पुढल्या साली जांभळीखाली काशीराम उभा राहिला. "जानकीकाकीक सुखात ठेव," तो म्हणाला, "ही भुई... भोयरांची..."

"देवाशी खोटं नको बोलूस!" कुंपणावरून आवाज आला. "माजं नाव पयलं घेतलंस, बरं केलंस. पन भुई आता तुजी हाय. सांग त्याला."

काशीरामने पुन्हा हात जोडले, पण 'परबांची' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. सुगंधाने आणि जानकीबाईने वाट पाहिली, आणि मग दोघींनीच म्हणून टाकलं, "व्हय म्हाराजा."