आईच्या रकान्यातलं नाव

आमच्या शेजारच्या शाईबाई चर्चच्या ऑफिसात एकोणचाळीस वर्षं बाप्तिस्म्याची वही लिहितायत. माझ्या तिन्ही पोरांची नावं त्यांच्याच अक्षरात आहेत. धाकटीची जन्मतारीख मी चुकीची सांगितली, तीही त्यांनीच फादरांसमोर दुरुस्त केली, माझी लाज काढून. लग्न का केलं नाही, असं एकदा विचारलं तर म्हणाल्या, दुसऱ्यांची लग्नं वहीत लिहून लिहूनच हात दुखतो.

या वहीत लिहिलेलं खोडायचं नसतं. चूक झालीच तर बिशपांच्या परवानगीनं समासात दुरुस्ती. आठ फादर आले नि गेले, पण बाईंच्या पानांवर एकही दुरुस्ती नाही, आणि त्याचा बाईंना केवढा तोरा!

मग धर्मप्रांताची शंभरी जवळ आली. एका फादरांनी घोड्यावरून फिरत उभा केलेला हा प्रांत, आता त्यात चाळीस चर्चेस. इतिहास लिहायचा म्हणून सगळीकडच्या जुन्या वह्या बिशपांच्या ऑफिसात मागवल्या. त्या दिवसापासून बाईंना जेवण जाईना. मला वाटलं, वह्यांचा विरह. मी यथेच्छ थट्टा केली. चौथ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि खरं सांगितलं.

सत्तावीस वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवर एक तान्ही मुलगी सापडली. बाप्तिस्म्याला धर्ममाता, म्हणजे देवासमोर बाळाची हमी घेणारी बाई हवी, म्हणून बाईच उभ्या राहिल्या. एका हातात बाळ, दुसऱ्या हातात पेन, आणि स्वतःचं नाव लिहिलं ते आईच्या रकान्यात. उद्या सांगू, परवा सांगू करता करता राहून गेलं. मुलगी सिस्टरांच्या वसतिगृहात वाढली, दर रविवारी बाईंकडे जेवली, नर्स झाली. आता तिचं लग्न ठरलं होतं आणि त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. ती ओळ वाचून पोरगी दुरावली तर, ही बाईंची धास्ती.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे जगजाहीर आहे. हे मात्र राहिलं. दुरुस्तीची परवानगी मागायला बाई बिशपांकडे निघाल्या, आणि वही उचलायला म्हणून मला सोबत नेलं.

बिशपांनी ओळ वाचून चष्मा काढला. "राहू द्या की, बाई. कुणाचं काय बिघडतंय?"

"हिची खरी आई कुठेतरी असेल," बाई म्हणाल्या. "तिची जागा मी अडवून बसलेय."

 बिशपांनी सही केली. बाईंनी समासात लिहिलं: आईचं नाव माहीत नाही, हे नाव धर्ममातेचं. अक्षर नेहमीसारखं नव्हतं. 

संध्याकाळी मुलगी आली. बाईंनी दाखला पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिनं तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"बरं केलंस, मावशी. आता लग्नात पहिल्या बाकावर आईच्या जागी कोण बसणार, तेही बिशपांना विचारून येतेस का?"

"तोंड फार चालतं तुझं," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

लग्नात त्या पहिल्या बाकावर बसल्या, पाठ ताठ करून. एरवी मी देवाचे आभार चर्चच्या दारातूनच उरकतो. त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून नीट मानले. मला डोळे पुसताना बायकोनं पाहिलं, तेवढं मात्र आता सगळ्या गल्लीला माहीत आहे.