त्या संध्याकाळी मी वस्तीत वळले नाही

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका. सांगून मन हलकं होईल असंही वाटत नाही.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एक झोपडवस्ती होती. कॉलेजात असताना आम्ही काही मित्रमैत्रिणी तिथे जायचो. घोषणा, मोर्चे, रात्रीची शाळा — जग आम्हीच बदलणार होतो! मग एकेकाला नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली आणि जग होतं तिथेच राहिलं. मला नोकरी लागली तीही कुठे? झोपड्या पाडायचे हुकूम जिथून निघत, त्याच कचेरीत, टायपिस्ट म्हणून. मी शरमेने अर्धी झाले होते. आमच्यातला सुहास मात्र खूश. म्हणाला, "झकास झालं यार! आता आत आपला माणूस आहे. नोकरी सोडू नकोस हां."

आणि खरंच, ते काम मोर्च्यापेक्षा मोठं निघालं. वस्तीची एक रीत होती. पाडापाडीची खबर आदल्या दिवशी लागली, की लोक पहाटे आपल्याच हाताने घर उतरवत. पत्रे, बांबू, भांडीकुंडी सगळं डोंगरात नेऊन लपवत. गाड्या येत, मोकळी जमीन बघून परत जात आणि संध्याकाळी घरं पुन्हा उभी. खबर नसली, तर पत्रे चेचले जात आणि सामान लॉरीत जाई. ती खबर द्यायची मी. कचेरी सुटली की घरी जाताना वस्तीत वळायचं, सिंधूच्या कानावर घालायचं, बस. सिंधू कोकणातली. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि घर चालायचं ते हिच्या धुण्याभांड्यांवर.

त्या डिसेंबरात असाच एक हुकूम मी टाइप केला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, की खबर आतूनच फुटतेय आणि फोडणारा सापडल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं का? तेव्हा वाटलं, पाहिलं. आता वाटतं — त्यांनी पाहावं, असं मलाच हवं होतं.

कारण भीती ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी सांगायला जीभ रेटत नाही... मला कंटाळा आला होता. हो, कंटाळा. नवा संसार होता, घरी पाहुणे यायचे होते आणि मनात आलं, दर वेळी मीच का? बाकीचे सगळे सुटले, मग मीच का अडकून पडले? मी बाजारातल्या रस्त्याने घरी गेले. मेथीची जुडी घेतली, निवडली, परतली. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली.

सकाळी वस्तीतली माणसं नेहमीसारखी कामाला गेली. खबर नव्हती ना! गाड्या आल्या तेव्हा शेजारणींनी सिंधूच्या सासूला गोधडीसकट बाहेर आणलं, एवढंच जमलं. पत्रा एकही वाचला नाही. मुंबईत कुठे असते थंडी, असं म्हणणाऱ्यांनी त्या डोंगराखाली उघड्यावर एक रात्र काढून बघावी. संक्रांतीच्या आत म्हातारी गेली.

मी भेटायला गेले. कोणत्या तोंडाने? पण गेले. सुहास तिथे उभा राहून कचेरीला शिव्या घालत होता. ताईंना कळलं कसं नाही, असं कुणीतरी कुजबुजलं, तशी सिंधू उसळली, "ताईक ठावक असता तर ती सांगल्याशिवाय रवली असती काय?" आणि तिने माझ्या हातात चहा दिला. मी तो प्यायले.

त्यानंतर मी ती वस्ती सोडली नाही. बायकांचे वर्ग, रेशनकार्डं, नळासाठी खेटे — केस पिकले तरी चालूच आहे. सुहासने केव्हाच अंग काढून घेतलं. सगळे संसारात विरघळले, ताई तेवढ्या टिकल्या, असं लोक म्हणतात. शालीही देतात, मी घेते. ही निष्ठा आहे, की त्या एका संध्याकाळपासूनची पळापळ? खरंच ठाऊक नाही. नळाला पाणी आलं, ते काही खोटं नाही. पण ज्या दिवशी टिकायला हवं होतं, त्या दिवशी मी टिकले नाही.

सिंधूचं पक्कं घर झालं, तेव्हा तिने सासूच्या फोटोपुढचा दिवा माझ्याच हातून लावून घेतला. मी लावला. दोन काड्या वाया गेल्या, तर तिला वाटलं, मला भरून आलंय.

म्हातारी थंडीने गेली, असं तिथे अजून सगळे म्हणतात. थंडीने नाही. ती माझ्यामुळे गेली.