ब्राह्मीचा नियम आणि नॉर्वेचा सूर्य

आमची भाची ब्राह्मी नॉर्वेला मेंदूचं शास्त्र शिकायला गेली, तेव्हा निम्म्या गावाची समजूत झाली की ती वेड्यांची डॉक्टर होणार. उरलेल्या निम्म्यांना वाटलं, पोरगी परत आली की आपल्या डोकेदुखीची सोय झाली. मी तिचा सख्खा मामा, सम्मेद. सांगलीत माझं खत-औषधांचं दुकान आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला खुलासा करायचं काम माझ्याकडं आलं. "अहो, औषध देत नाही ती, मेंदू कसा चालतो ते शिकते," असं मी सांगायचो. त्यावर एक गिऱ्हाईक म्हणालं, "चालतुयच की माजा. त्यात शिकायचं काय?" त्या दिवसापासून मी खुलासे बंद केले.

पोरगी लहानपणापासून चिवट. कॉलेजात प्रॅक्टिकलला झुरळ कापायला सांगितलं, तर हिनं सरांना सांगितलं, मी मारणार नाही, हवं तर चित्र काढून देते. सर चिडले. हिनं झुरळाचं असं चित्र काढलं, की सरांनी ते पुढं चार वर्षं वर्गात लावून ठेवलं. पुढच्या शिक्षणासाठी तिनं परदेशातल्या सात विद्यापीठांना अर्ज केले आणि प्रत्येक अर्जात लिहिलं, जीव मारून शिकणार नाही. सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. सातवं आलं नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या एका गावाहून. तिथल्या प्राध्यापिका माणसांच्या झोपेवर काम करत होत्या. विद्यार्थ्यांच्या डोक्याला तारांची टोपी घालायची आणि मेंदूतलं घड्याळ दिवस-रात्र कसं ओळखतं ते मोजायचं. बाईंनी लिहिलं, ये, इथं कुणाला मारावं लागत नाही.

आता राहिली परवानगी. तिचे वडील जिनपाल चौगुले, म्हणजे माझे दाजी, कृष्णाकाठचे ऊसवाले. माणूस मनानं भला आणि खाण्याचा भारी शौकीन. पण सूर्य बुडाला की अन्नाचा कण तोंडात जाणार नाही. आम्हा जैनांत बरेच जण हे पाळतात, दाजी मात्र मिनिटावर पाळतात. लग्नाला गेले की साडेपाचलाच ताट घेऊन थेट आचाऱ्यापुढं उभे. नवरदेव अजून घोड्यावर असतो आणि हे बासुंदी पुसून खाऊन मोकळे झालेले असतात.

दाजींनी अट घातली. शिकायला जा, पण बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांपुढं नियम घेऊन जा: दोन वर्षं सूर्यास्तानंतर जेवायचं नाही. नियम मोडला तर परत यायचं. ब्राह्मी हसत हो म्हणाली. आम्ही सगळ्यांनी मिळून खूप चौकशी केली. तिथल्या पावात अंडं असतं का, केकमध्ये काय घालतात, डाळ कुठं मिळते. माझ्या अक्कानं, म्हणजे ब्राह्मीच्या आईनं, दोन किलो चटणी बांधून दिली. सूर्याची चौकशी मात्र कुणीच केली नाही. तो सगळीकडं आहेच असं आम्ही धरून चाललो होतो.

ऑगस्टमध्ये ती पोचली आणि दाजींची छाती फुगली. तिथं रात्री दहालाही ऊन! दाजींनी मोबाईलवर तिच्या गावाचं हवामान लावून घेतलं आणि सूर्यास्ताची वेळ भेटेल त्याला दाखवत सुटले. "बगा पावणं, धा वाजून चाळीस मिन्टं! नियम पाळायला ह्यापरास चांगला देस हाय का?" मला म्हणाले, पुढचा जन्म आपल्याला तिथंच काढायचा. रात्री दहाला जेवायला मिळतंय म्हटल्यावर दाजींच्या तोंडाला पाणीच सुटलं असणार, पण ते कबूल करणारे नव्हेत.

ऑक्टोबरात सूर्यास्त चारवर आला. दाजींनी मोबाईल दाखवणं कमी केलं. नोव्हेंबरच्या मध्यावर तो दुपारी एकवर आला आणि एक दिवस ब्राह्मीचा मला फोन आला.

"मामा, परवापासनं हितं सूर्य उगवणार न्हाई."

"ढग हायत व्हय?"

"ढग न्हाईत. उगवणारच न्हाई. जानेवारीत येतोय परत."

मी दुकानातल्या पोत्यावर बसलो. शाळेत भूगोलात हे मी वाचलं होतं, पण भूगोल हा परीक्षेपुरता असतो अशी माझी समजूत. मी तिला विचारलं, मग जेवणाचं काय? ती म्हणाली, "जेवणार की. उपाशी राहून दुसऱ्याचं डोकं मोजायचं व्हय? पण अण्णांना सांगू नका. नियम मोडला म्हणून ते बोलावून घेतील, आन् माझं सगळं काम अजून ऱ्हायलंय." मी शब्द दिला. मला त्यात पाप वाटलं नाही, भीती तेवढी वाटली.

पण मोबाईलला कुठं शब्द देता येतो? दोन दिवसांनी दाजींच्या हवामानात सूर्योदय-सूर्यास्ताच्या जागी नुसत्या रेघा आल्या. दाजींना वाटलं मोबाईल बिघडला. ते सरळ चौकातल्या अर्जुनाच्या रिपेरीच्या दुकानात गेले. अर्जुना आटपाडीकडचा, बोलायला फटकळ. त्यानं मोबाईल खोलला, झटकला, पुन्हा जोडला आणि म्हणाला, "अण्णा, मोबाईल बेस हाय. तुमच्या पोरीकडं सूर्यच न्हाई."

दाजी घरी आले आणि पाणी प्यायले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. अक्कानं विचारलं तर म्हणाले, उपवास हाय.

आता आमच्या समाजात उपवासाला किती मान! त्यातून न सांगता, पर्व नसताना केलेला. बातमी बस्तीत गेली. बायका दर्शनाला यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी चौकात फ्लेक्स लावला: 'उग्र तपस्वी जिनपाल अण्णा चौगुले यांचे हार्दिक अभिनंदन'. त्यावर दाजींचा फोटो एका बारशातला, हातात जिलबी. कुणीतरी उपवास सोडायच्या दिवशी मिरवणूक काढायची म्हणून बेंजोवाल्याशी बोलूनही आलं. दाजी नमस्कार घेत बसले, कारण नको म्हणायलाही अंगात जोर नव्हता.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. "सम्मेद, तुजं दाजी उपवास करीत न्हाईत रं. काल मला म्हनलं, पोरीकडं सूर्य उगवंना, ती कशी जेवंल? आन् मी कसा जेवू? तिला इचारा म्हनलं तर इचारीत न्हाईत. इचारलं तर तिला खोटं तरी बोलावं लागंल, न्हाईतर उपाशी हाय म्हनावं लागंल, म्हनत्यात."

मी गाडी काढली आणि वाटेत थांबून ब्राह्मीला फोन लावला. सगळं ऐकून ती आधी खळखळून हसली, फ्लेक्सवरच्या जिलबीला तर जास्तच. मग मला तिकडून नुसतं नाक ओढल्याचं ऐकू यायला लागलं. मी म्हणालो, "सांगायचं का न्हाई ते तू ठरीव. मी कुणाला काय बोललो न्हाई."

"परत बोलावलं तर?" तिनं विचारलं.

दाजींचा शब्द मी पंचवीस वर्षं बघत आलोय.

"तुम्ही घरी पोचा," ती म्हणाली. "मी व्हिडिओ लावते."

मी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दाजी पडवीत भिंतीला टेकून बसले होते, गालफडं बसलेली. फोन वाजला. पडद्यावर ब्राह्मी, तिच्यामागं काळीकुट्ट खिडकी. तिच्याकडं सकाळचे साडेआठ वाजले होते. समोर ताट वाढलेलं.

"अण्णा," ती म्हणाली आणि तिनं भाताचा घास कालवून तोंडात घातला. नीट चावून गिळला. "मी रोज जेवते. सूर्य गेल्याच्या पहिल्या दिवसापासनं, दिवा लावून जेवते. नियम मोडलाय मी. बोलवायचं तर परत बोलवा, पर तुमी उपाशी राहू नका."

अक्काचा पदर तोंडाशी गेला. मी दाजींकडं बघायचं टाळून छपराचे पत्रे मोजले.

दाजी पडद्याकडं वाकून म्हणाले, "कशाची आमटी हाय?"

"तुरीची. आईची चटणी घातलीया."

"सूर्य नसला तर तुज्या मेंदूला कसं कळतं, जेवायची येळ झाली म्हनून?"

तिला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. ती डोळे पुसत म्हणाली, "तेच मी शिकतीया अण्णा. उजेड नसला की जेवणाच्या वेळेवरनं अंग दिवस वळखतं. म्हणून रोज त्याच वेळेला जेवायचं."

दाजी उठले. चार दिवसांच्या उपाशी माणसाला उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मी हात धरायला गेलो तर त्यांनी झिडकारला. त्यांनी फोन उचलला, पडवीच्या पायऱ्या उतरून अंगणात गेले. भर दुपारचं ऊन पडलं होतं. त्यांनी पाण्याच्या टाकीला फोन टेकवून ठेवला, पडदा उन्हाकडं करून, आणि त्याच्यासमोर फरशीवर मांडी घातली.

"कस्तुरी, ताट आन," ते अक्काला म्हणाले. मग फोनकडं वळून म्हणाले, "हितं ऊन हाय. हितल्या उन्हात जेव. रोज एक वाजता मी हितं बसतो, तू तिकडं बस."

त्या उन्हात मोबाईलच्या पडद्यावर काहीएक दिसत नव्हतं, नुसता काळा चौकोन. तरी दाजी त्याच्याकडं बघत पहिला घास घेऊन म्हणाले, "सावकाश जेव बाळा, गडबड करू नगंस."